धोंड्याचं ताट आणि स्वतंत्र विश्वस्त

"उद्या सकाळपासून इथं कोणी कोणाचा नातेवाईक नाही," रुपरावांनी जाहीर केलं आणि मधुसूदनकाकांनी झोपेतच हात वर केला.

काकांचा हात झोपेत वर जातो, ही बालसदनाच्या कारभाराची मोठीच सोय होती. ठराव वाचताना शेवटच्या शब्दाला रुपरावांचा आवाज जरा चढे, आणि तो चढला की काकांचा हात आपोआप उचलला जाई. एकदा दारातून दूधवाल्यानं जोरात हाक मारली तेव्हाही तो उचलला गेला होता, आणि त्या दिवशीचं जास्तीचं दूध मंडळानं एकमतानं मंजूर केलं, असं आजही सावनेर रोडवर सांगतात.

गोपिकाबाई गिरडकर बालसदनाच्या मंडळावर पाच विश्वस्त. अध्यक्ष कामिनीबाई गिरडकर. सचिव त्यांचा मुलगा रुपराव, ज्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. उपाध्यक्ष त्यांचे दीर मधुसूदनकाका. सदस्य त्यांची मुलगी वंदना बुराडे. आणि कोषाध्यक्ष वंदनाचे यजमान ताराचंद, ज्यांचं सीताबर्डीला चष्म्याचं दुकान होतं. कामिनीबाईंच्या यजमानांनी, म्हणजे दादाजींनी, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या मजुरांच्या लेकरांसाठी आपल्या आईच्या नावानं हे सदन काढलं. तेव्हापासून मंडळाच्या बैठकीची वेगळी नोटीस म्हणून निघाली नाही. घरात बारसं, डोहाळजेवण किंवा वर्षश्राद्ध असलं की बैठक. जेवणाचं बोलावणं हीच नोटीस, आणि पुरण वाटून होईस्तोवर सगळे ठराव संपलेले.

"पुण्याहून मॅडम येऊन राहिली," रुपराव सांगत होते. "देणगीवाल्यायनं पाठवली. मंडळात घरचे किती, बाहेरचे किती, हे पाहणार. अर्ध्याच्या वर घरचे निघाले तर पुढच्या सालापासून मदत बंद."

"मंग बाहेरचे घ्या ना दोन-तीन," मेघा म्हणाली. मेघा ही रुपरावांची सून आणि बालसदनाची अधीक्षिका. ती विश्वस्त नव्हती. बैठकीत तिनं इतिवृत्त लिहायचं आणि मध्ये उठून चहाचं पाहायचं, एवढाच तिचा अधिकार.

"बाहेरचे घेतले तर ते प्रश्न विचारतीन," रुपरावांनी सुनेला समजावलं. "त्यापेक्षा आहे त्यातलेच बाहेरचे करू. वंदना, तू बुराडे. ताराचंदजी बी बुराडे. आमचे तुम्ही कोणीच नाही. सीताबर्डीचं समाजसेवक जोडपं. अन् काका, तुम्ही आडनावच सांगू नका. विचारलं तर म्हणा, निवृत्त गुरुजी."

"मी गुरुजी कधी होतो गा?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

"अन् मायले मी काय म्हणू?" वंदना.

"अध्यक्ष महोदया."

"मले नाही जमत बापा! काल फोनवर जिले म्हणली, माय, तुया हातचं लोणचं पाठव, तिले उद्या महोदया म्हणू?"

"लोणचं उद्या मांगू नको," रुपराव म्हणाले. "अन् माय, तू ताराचंदजीले जवाईबापू म्हणायचं नाही. त्यायच्यासाठी उठायचं नाही. ते स्वतंत्र विश्वस्त आहेत."

कामिनीबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांचा आवाज असा की त्या इथून रागावल्या तर सावनेरच्या बाजारात भाजीवाले भाव उतरवत; म्हणून त्या गप्प असल्या की घरच्यांना जास्त भीती वाटे.

"हा धोंड्याचा महिना आहे," त्या म्हणाल्या.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मागच्या अधिकात ताराचंदांना डेंगू झाला आणि ताट तसंच राहिलं. कामिनीबाईंनी त्यानंतरची तीन वर्षं शेजारणींच्या नजरा चुकवून काढली होती. उद्याचा दिवस त्यांनीच ठरवला होता, ताराचंदांचं दुकान त्या वारी बंद असतं म्हणून. पुण्याच्या मॅडमनं नेमका तोच दिवस कळवला.

"परवा कर ना वं माय," रुपराव काकुळतीला आले.

"परवा त्यायचं दुकान आहे. अन् जवाई का माया दारात ताटकळत बसणार हाय?"

ताराचंद त्या वेळी चष्मा पुसत होते. मंडळात काही बिघडलं की ते चष्मा पुसत. सदनाच्या सगळ्या कागदांवर त्यांची सही होती आणि सगळ्या सह्या त्यांनी चष्मा काढूनच केल्या होत्या.

"आणखी एक विषय आहे," मेघा म्हणाली. "वरच्या लेकरायचा."

वर लावलेला एसी तेवढा घुरघुरत राहिला.

सभा ज्या मोठ्या, थंडगार खोलीत भरली होती ती आधी लेकरांची निजायची खोली. चार वर्षांमागं दादाजींचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र तयार झालं. चित्रकार म्हणाला, नागपूरच्या उन्हात तेलरंग टिकणार नाहीत, चित्र गारव्यातच ठेवा. मग मंडळानं एकमतानं ठराव केला, काकांच्या हातासकट. खोलीत एसी बसला, मखमलीच्या खुर्च्या आल्या, दारावर 'विश्वस्त सभागृह' अशी पाटी लागली. लेकरं वरच्या मजल्यावर गेली. वर पत्रे होते.

"आजी, नवतपा लागला, आता नऊ दिवस आग पडन," मेघा म्हणाली. "पारा पंचेचाळीसच्या वर गेला. भट्ट्या अजून चालू आहेत, मायबाप पावसाळ्याआधी न्यायले येत नाहीत. लेकरायले खाली निजू द्या. मागच्या साली दुर्गा जिन्यात चक्कर येऊन पडली होती."

"तो ठराव एकमतानं झाला आहे."

"मंग दुसरा करा."

"लेकरं आहेत, सोसतात," कामिनीबाई म्हणाल्या. "भट्टीवर का त्यायले एसी होता? अन् ह्यायचा रंग एकदा उतरला तर मंग कुठून आणू मी हे?" त्यांनी तैलचित्राकडे पाहिलं. दादाजी मिशीला पीळ देऊन, अंगभर गारवा घेत उभे होते.

जिन्यात वंदनानं मेघाला गाठलं. "मी तुयाच बाजूनं आहे वं. पण बोलू कशी? सदनाचा प्रत्येक मंडप दादाचा. त्यावर बोलली तर दादा म्हणन, लेकरायचे चष्मे कोणाच्या दुकानातून येतात? मी त्याचं काढलं का तो मायं काढते."

"अन् काकायचं?"

"काका मोठे सज्जन. त्यायले फक्त मखमलीची खुर्ची पायजे, निजाले."

"म्हणजे नाही म्हणणारं कोणीच नाही?"

वंदनानं थोडा विचार केला. "आपल्या घरात नाही म्हणायची पद्धत फक्त जवायाले आहे," ती म्हणाली. "अन् मले असा भेटला का तो कधी रुसलाच नाही. लग्नात बी सगळे वाट पाहून राहिले होते, अन् हा आपला जेवून मोकळा."

*

श्वेता मॅडम सकाळी आल्या त्या ऑटोनं, पाण्याची बाटली आणि सुती दुपट्टा घेऊन. दुपट्टा त्यांनी तोंडाला असा गुंडाळला होता की फक्त डोळे दिसावेत. पुण्याची बाई असून लू लागू नये म्हणून दुपट्ट्याच्या टोकाला कांदा बांधते, याचं मेघाला नवल वाटलं. बाकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

"आपलं मंडळ कसं चालतं?" मॅडमनी विचारलं.

"अगदी लोकशाही पद्धतीनं," रुपराव म्हणाले. "आजपर्यंत एकही ठराव नामंजूर झाला नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही!" रुपरावांचा आवाज अभिमानानं चढला आणि काकांचा हात वर गेला.

मॅडमनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. "हे कोण?"

"निवृत्त गुरुजी."

"कोणत्या शाळेचे?"

"गावच्या."

मग मुलांच्या तक्रारींसाठी काय व्यवस्था आहे, हे विचारणं झालं. रुपरावांनी त्यांना मोठ्या उत्साहानं ओसरीत नेऊन तक्रारपेटी दाखवली. पेटी सुंदर होती, पितळी कुलपाची. पण ती भिंतीवर इतक्या उंच ठोकली होती की ताडमाड रुपरावांनाही तिची फट चवड्यांवर उभं राहून दिसली.

"मुलांचा हात कसा पोचतो?"

"पोचू नये म्हणूनच वर ठोकली, मॅडम. लेकरं खेळता खेळता तोडून टाकतात."

"आतापर्यंत किती तक्रारी आल्या?"

"एकही नाही," रुपराव म्हणाले आणि काकांकडे बघून आवाज वेळीच आवरला.

इकडे स्वयंपाकघरात कामिनीबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी मुलाला शब्द दिला होता की जवाई म्हणून हाक मारणार नाही. पण न जेवू घालण्याचा शब्द कोणी मागितला नव्हता. सगळी लेकरं जेवणार, पाहुणी जेवणार, मग त्यातच एक पान ताराचंदांचं. कणकेच्या पारीत पुरण भरून त्यांनी धोंडे वळले, उकडायला ठेवले. अनारसे त्यांनी स्वतः तळले. खसखशीचा एक दाणा तेलात गेला नाही. मागच्या खेपेला धोंडे केले होते, गरम होते, आणि जावयाला सलाईन लागलं होतं. त्या वाफाळत्या ताटापुढे एकट्या बसून त्या रडल्या होत्या, हे फक्त दादाजींना माहीत होतं, आणि ते भिंतीवर होते.

"माय, मीठ टाकलं का भाजीत?" वंदना दारातून ओरडली आणि मागे उभ्या मॅडमना पाहून जीभ चावत म्हणाली, "माय... म्हणजे... महोदया, मीठ?"

"टाकलं वं पोरी," कामिनीबाई सवयीनं म्हणाल्या. मग त्यांनाही सुधारावं लागलं. "टाकलं आहे, सदस्य."

*

"वरची खोली मला पाहायची आहे," मॅडम म्हणाल्या. "अध्यक्ष नकोत, सचिव नकोत. स्वतंत्र विश्वस्तांपैकी कोणी दाखवेल का?"

रुपरावांनी ताराचंदांकडे पाहिलं. ताराचंदांनी चष्मा काढला, पुसायला रुमाल शोधला, आणि तो सापडायच्या आत मॅडम जिन्याशी पोचल्या होत्या. त्यांना मागोमाग जावं लागलं.

ताराचंद या जिन्यानं आजवर कधी वर गेले नव्हते. जायची वेळच आली नव्हती. बैठक खाली, जेवण खाली. वरच्या दाराची कडी धरली आणि त्यांनी हात झटकन मागं घेतला. तळहातावर लाल पट्टा उठला. आतल्या हवेचं काय सांगावं! तिथं एक पाल पत्र्यावरून स्वतःहून खाली उडी मारून मडक्याच्या बुडाशी जाऊन बसली होती आणि लेकरांनी तिला हाकललं नव्हतं, कारण ती लेकरंही तिथंच बसली होती.

खोलीच्या मधोमध पाण्याचं मडकं, त्याखाली ओलं पोतं. मडक्याच्या पाझरानं जमिनीचा जेवढा तुकडा ओला झाला होता तेवढ्यात मुलांनी आळीपाळी लावली होती. एकानं निजायचं, बाकीच्यांनी भोवती बसून वाट पाहायची. आत्ता दुर्गाची पाळी होती. ती सात-आठ वर्षांची असेल. पाहुणे बघून ती उठून बसली.

"तुमी एसीवाले का?" तिनं ताराचंदांना विचारलं.

"काय?"

"खाली बसतात ते. आमी त्यायले एसीवाले म्हणतो." तिनं त्यांच्या कपाळावरून वाहणारा घाम पाहिला, मग मैत्रिणींकडे पाहिलं. त्यांनी माना डोलावल्या. दुर्गा सरकली आणि ओल्या जागेवर हात थोपटत म्हणाली, "बसा. माया पाळीतून बसा. तुमाले सवय नाही ना."

ताराचंद बसले. साठीला टेकलेला माणूस, धुतलेला पांढरा सदरा, ओल्या पोत्यावर. आयुष्यभर लोकांनी त्यांना पाट दिला होता, गादी दिली होती, मखमलीची खुर्ची दिली होती, आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं की आपण बसल्यावर कोण उठलं.

"खालच्या खोलीच्या ठरावावर तुमची सही आहे," मॅडम दारातून म्हणाल्या. "वाचला होता?"

"त्या दिवशी बारसं होतं," ताराचंद म्हणाले. "जेवण वाढून झालं होतं."

मग ते उठले आणि जागा दुर्गाला परत दिली.

*

पंगत सभागृहातच होती. मुलांना त्या दिवसापुरतं खाली बसवलं होतं, ती गारव्यात इतकी स्तब्ध बसली होती की रुपरावांनी मॅडमना सांगितलं, "शिस्त बघा."

पानं सगळी स्टीलची. फक्त एका ताटाखाली चौरंग होता, चौरंगाभोवती रांगोळी, ताट चांदीचं, शेजारी समई, आणि पितळी परातीत झाकलेलं काहीतरी. कामिनीबाईंनी शब्द पाळला होता. त्यांनी जवाई म्हणून हाकच मारली नाही. ताराचंद दारात दिसताच त्या फक्त उठून उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

रुपरावांनी कपाळाला हात लावला.

"स्वतंत्र विश्वस्तांना वेगळं ताट?" मॅडमनी विचारलं.

"आमची ती परंपराच आहे," रुपराव म्हणाले. "स्वतंत्र विश्वस्ताचा मान."

"आणि दुसऱ्या स्वतंत्र विश्वस्त, वंदनाताई? निवृत्त गुरुजी?"

"ते... कनिष्ठ स्वतंत्र आहेत."

कामिनीबाईंनी ताटात धोंडे वाढले, वरून तुपाची धार सोडली. ताराचंद चौरंगाशी बसले. सगळे थांबले. जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कोणी हात लावत नाही, मॅडमनाही थांबावं लागलं. तूप ताटात पसरत गेलं. ताराचंदांनी हात उचलला. तळहातावर लाल पट्टा होता. त्यांनी ताट हळूच पुढं सरकवलं.

"मी जेवत नाही," ते म्हणाले.

वंदनाच्या हातातली पळी भातात तशीच राहिली. मधुसूदनकाका जागे झाले.

"काय झालं, बापू?" कामिनीबाईंचा शब्द गेला तो गेलाच. "मीठ कमी पडलं का? तुपाचा वास येते का? जवाईबापू, बोला ना! धोंड्याच्या महिन्यात जवाई उपाशी उठला तर माया दादाजीले मी काय सांगू?"

"जेवा ना हो," वंदना म्हणाली. पण तिच्या आवाजात असं काही होतं की मेघानं मान खाली घालून हसू दाबलं. तीस वर्षांनी नवरा रुसला होता.

"काय पायजे ते मांगा," कामिनीबाई म्हणाल्या. "अंगठी? साखळी? रुपराव देईन. माया जीव आहे तोवर माया जवायानं मांगितलेल्याले हे घर कधी नाही म्हणणार नाही."

"अध्यक्ष महोदया," ताराचंद म्हणाले. "मले अंगठी नको. मले ही खोली पायजे."

"तुमच्या नावानं?" रुपरावांचा चेहरा उतरला.

"लेकरायच्या नावानं. आज संध्याकाळपासून लेकरं इथं निजतीन. एसी त्यायच्यासाठी. मी जेवीन तवा, जवा वरच्या गाद्या खाली येतीन."

"पण तो ठराव एकमतानं..." रुपराव सुरू झाले.

"आत्ता नाही झाला," ताराचंद म्हणाले. "माया हात खाली आहे."

कामिनीबाईंनी तैलचित्राकडे पाहिलं. ताटाकडे पाहिलं. धोंडे थंड व्हायला लागले होते. तीन वर्षांमागचं ते ताट त्यांना पुन्हा दिसलं असावं. "आणा वं गाद्या," त्या अशा ओरडल्या की वरचे पत्रे वाजले. मुलं पंगतीतून उठली ती जिन्यावर एकच झुंबड. शेवटची गादी भिंतीला लागली तेव्हा ताराचंदांनी पहिला घास घेतला. त्यांनी सात धोंडे खाल्ले. वंदना सांगते अकरा.

हात धुताना मॅडम कामिनीबाईंशेजारी उभ्या होत्या. "आजी, धोंडे मस्त झाले होते," त्या म्हणाल्या. "माया मायच्या हातचे असेच राह्यचे."

कामिनीबाई दचकल्या. "तू कोठची वं?"

"माहेर उमरेड. सासर पुण्याले. तुमी पदर पुढं घेतला ना, तवाच समजलं. अन् खरं सांगू का, त्याच्या आधीच, फाटकातूनच, अनारशाचा वास आला होता."

मग त्या पुन्हा पुण्याच्या झाल्या आणि रुपरावांना म्हणाल्या, "मी लिहीन ते असं. मंडळात नातेवाईक दोनच राहतील, बाकी बाहेरचे. ज्यांचा सदनाशी धंद्याचा व्यवहार आहे त्यांनी पद सोडायचं. तक्रारपेटी मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर. पुढच्या बैठकीत ठरवून कळवा. नाही ठरलं तर मदत थांबेल."

*

पद कोणी सोडायचं, हा प्रश्न आठवडाभर गिरडकरांच्या घरात भांड्यांच्या आवाजात चर्चिला गेला. रुपराव म्हणाले, मी सोडलं तर मंडप कोण लावील. वंदना म्हणाली, त्याच्यासाठीच तर सोडायचं. काका म्हणाले, मले खुर्ची राहू द्या. आणि प्रत्येकानं मेघाला बाजूला घेऊन सांगितलं की बाकीचे गेले तरी चालतील.

मेघानं बैठकीची नोटीस काढली. सदनाच्या इतिहासातली पहिली नोटीस, जिच्यासोबत जेवण नव्हतं. वेळ दुपारची. जागा वरचा मजला.

"वर काहून?" रुपरावांनी विचारलं.

"खाली लेकरं निजली आहेत, मामाजी. दुसरी खोली नाही."

मखमलीच्या खुर्च्या वर नेल्या. दादाजींशिवाय बैठक होत नाही म्हणून तैलचित्रही वर नेऊन भिंतीला टेकवलं. काका खुर्चीत बसले आणि झटकन उठले. मखमल तापलेल्या तव्यासारखी झाली होती. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, डोळे मिटले, पण झोप आली नाही. मंडळाच्या सगळ्या हयातीत काका बैठकीला जागे असण्याची ती पहिलीच वेळ.

"विषय एक," रुपरावांनी आवाज चढवला.

"थांब," काका म्हणाले. हात वर गेला नव्हता. "काय पास करून राहिलो आपण? वाचून दाखव."

रुपरावांनी वाचलं. वाचेपर्यंत काकांच्या टोपीतून वाफ निघू लागली, असं वंदना शपथेवर सांगते. "म्हणजे मी सोडलं तर मले इथं बसावं लागणार नाही?" काकांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत ते जिना उतरले होते. त्यांच्या राजीनाम्यावर मेघानं नंतर घरी जाऊन सही घेतली.

"घरात एक पुरे," वंदना पदरानं वारा घेत म्हणाली. "हे राहतीन, मी निघते. अन् चष्मे बी आता दुसऱ्या दुकानातून घ्या." नवऱ्याकडे तिनं असं पाहिलं की ताराचंद चष्मा पुसायचं विसरले.

रुपराव राहिले. मंडपवाला माणूस, उन्हाची सवय. ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "मी नाही हलत." पत्र्यावर कावळा उतरला, दोन उड्या मारून उडून गेला. मग मेघाला एक बारीक आवाज आला, थेंब पडल्यासारखा.

दादाजींची उजवी मिशी ओघळत होती.

चित्रकार खोटं बोलला नव्हता. आधी मिशीचा पीळ उलगडला, मग ती गालावरून हळूहळू खाली आली, कोटाच्या कॉलरवर टेकली. डावीही निघाली. कपाळावरचा रंग पाघळून डोळ्यांत उतरला. दादाजी असे दिसू लागले, जणू वीटभट्टीवरून आत्ताच कोणी आलं आहे आणि पाणी मागतं आहे.

"बाबा..." रुपरावांच्या तोंडून निघालं. वडिलांना त्यांनी जिवंतपणी कधी घामाघूम पाहिलं नव्हतं. त्यांनी सचिवपदाचा शिक्का मेघासमोर ठेवला आणि चित्र उचलायला धावले. चौकटीला हात लावला आणि ओरडून सोडली.

राहिले ताराचंद आणि कामिनीबाई. हिंगण्याच्या कंपनीत नोकरीला असलेला, लहानपणी याच सदनात वाढलेला धोंडबा, सावनेरच्या शाळेतल्या एक निवृत्त बाई आणि एक डॉक्टर अशी नवी नावं मेघानं वाचली. ताराचंदांनी हात वर केला, चष्मा घालून. कामिनीबाईंनी हात वर केला नाही. त्या चित्राकडे बघत होत्या. पदर घामानं पाठीला चिकटला होता.

"हे असं रोज असते का वं इथं?" त्यांनी विचारलं.

"दुपारी असं. सांजेला जरा कमी."

"अन् मी म्हटलं, सोसतात."

कामिनीबाईंनी हात वर केला, मग तोच हात मेघाच्या खांद्यावर टेकवून उठल्या.

जिना उतरताना रुपराव मागून फोनवर बोलत होते, मोठमोठ्यानं, चित्रकाराला. मिशी पुन्हा चढेल का, हे विचारत होते. कामिनीबाईंनी सभागृहाचं दार उघडलं. आत गार अंधार. लेकरं ओळीनं निजली होती, काही आडवी, काही एकमेकांवर. जिथं दादाजी उभे असत त्या भिंतीला पाय टेकवून दुर्गा निजली होती, दोन्ही हात पसरून. जागेसाठी कोणी वाट पाहत बसलेलं नव्हतं. दारावरची 'विश्वस्त सभागृह' पाटी कोणीतरी काढून उलटी केली होती आणि खडूनं काहीतरी चित्र काढलं होतं, बहुधा मडकं.

रुपराव फोनवर आणखी जोरात ओरडले. कामिनीबाई मागं वळल्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि रुपरावांनी सवयीनं कानावर हात ठेवला.

"हळू बोल गा," कामिनीबाई कुजबुजल्या. "लेकरं निजले."